बोकड किलोवर

परतूरहून आष्टीकडे येणाऱ्या जीपमध्ये मी त्या संध्याकाळी अशी काही बसले होते की शेजारच्या म्हातारीने दोनदा विचारलं, "पोरी, उतरायचंय का तुला?" मला उतरायचं नव्हतं. मला फक्त एका जागी बसवत नव्हतं. कधी एकदा घर गाठते आणि कधी एकदा आत्याबाईंना सांगते, असं झालं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आष्टीच्या पलीकडे आमचं गाव. घरची थोडी जमीन, तिच्यात कापूस आणि तूर, आणि दारात शेळ्या. आजेसासऱ्यांच्या काळात मेंढरांचा मोठा कळप होता म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर मेंढरं गेली होती, शेळ्या राहिल्या होत्या. माझे मालक जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तिथेच खोली करून राहायचे, सुट्टीला घरी यायचे. एरवी घरात मामा, आत्याबाई, मी आणि माझी शाळेत जाणारी मुलगी.

गावात आमचा बायकांचा बचत गट होता. बारावी झालेली म्हणून मला सचिव केलेलं. तालुक्याला गटाच्या बायकांचं प्रशिक्षण होतं, घरच्या पैशाचं नियोजन असं काहीतरी बोर्डावर लिहिलेलं. मी फार आशेने गेले नव्हते. वाटलं होतं, दोन भाषणं होतील, पोहे होतील, एक फोटो होईल आणि आपण घरी.

पण शिकवायला आलेल्या मॅडमनी भाषण केलंच नाही. बसक्या आवाजाच्या, पायात साधी चप्पल, कुठल्याशा खेड्यातून आलेल्या बाई होत्या. त्या खुर्ची सोडून आमच्यात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारायला लागल्या.

"कापूस कसा विकता?"

"क्विंटलवर," आम्ही सगळ्या एकदम.

"तूर?"

"क्विंटलवर."

"मिरची?"

"किलोवर."

"पाव्हणे आले की मटण आणता, ते?"

"ते बी किलोवरच की!" एकजण हसत म्हणाली.

"आणि बोकड विकता, ते?"

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "नजरेवर."

हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुणाच्या नजरेवर?"

माझ्या डोळ्यांसमोर आमचं अंगण उभं राहिलं. आष्टीच्या बाजारातले एक व्यापारी आमच्याकडे यायचे, सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं. शेठ आले की मामा खांद्यावरची दस्ती काढायचे. दोघांचे हात त्या फडक्याखाली जायचे आणि आत बोटं धरून भाव चालायचा. बाहेर कुणाला काही कळायचं नाही. शेठ मान हलवायचे, मामा मान हलवायचे, मग एकदम हात सुटायचे आणि सौदा झालेला असायचा. जन्मल्यापासून त्या करडाला पाजणाऱ्या, बाभळीचा पाला काढून घालणाऱ्या, ताप आला तर रात्रभर मांडीवर घेऊन बसणाऱ्या आत्याबाई तेव्हा आत चहा करत असायच्या. परक्या पुरुषाच्या बोटाला बाईमाणसाने बोट कसं लावायचं? म्हणून भावात बाई नाही. बोकड किती रुपयांना गेलं, हे त्यांना मामा घरात आल्यावर कळायचं.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा मी तर उभीच राहिले. "बोकड विकता कधी?"

"पोरीची फी भरायची असंल तवा," मी म्हणाले.

"दवाखाना निघाला की," दुसरी.

"खताला पैसे लागले की."

"म्हणजे गरज तुमची वाढली की विकता," मॅडम म्हणाल्या. "बोकड वाढलं की नाही."

इतकं साधं होतं ते. इतकं साधं, आणि आमच्यापैकी एकीलाही कधी सुचलं नव्हतं! जीपमध्ये माझ्या डोक्यात नुसती गुणाकारांची गर्दी झाली होती.

घरी पोचले तर मामा ओट्यावर बसलेले. चप्पल काढायच्या आधीच मी बोलून गेले, "मामा, आपुन बोकड किलोवर इकायचं."

"काय?"

"किलोवर. तोलून."

मामा आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, बोकड म्हंजी काय भेंडी हाय का? जित्तं जनावर हाय ते. आन माझ्या नजरेला काटा कशाला लागतोय? नुसतं पाठीवरून हात फिरवला तर मी वजन सांगंल."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. ऐकलं नसल्यासारखं त्यांनी पीठ ओढलं. माझा सगळा जोर उतरला. जेवण होईपर्यंत कुणीच तो विषय काढला नाही.

सकाळी मात्र शेळ्यांपाशी त्यांनी मला गाठलं. हातात दुधाचं भांडं. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "ते तोलायचं म्हनलीस, ते कसं गं? पाय बांधून लटकवायचं?"

"न्हाई हो आत्याबाई. झोळी असती. पोटाखालून घालायची आन वर काट्याला अडकवायची."

"दुखत न्हाई ना त्याला?"

"बिलकुल न्हाई."

"आन काटा खोटं बोलला तर?"

"आधी पाच किलोचं माप लावून बघायचं. पाच दाखवलं तर काटा बराबर."

त्यांनी जरा विचार केला. मग एखादी पळी घ्यायची म्हणावं तसं म्हणाल्या, "मंग घ्या की एक."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण हातात दूध होतं.

गटाच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. आमच्या गटाची अध्यक्ष बौद्ध वाड्यातली, माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणायची. तीही मजुरी करून शेळ्या पाळायची. तिची मुलगी बारावीला होती आणि तिला नर्सिंगला घालायचं हे ताईने तिच्या जन्मापासूनच ठरवलेलं होतं म्हणायला हरकत नाही. बायकांनी शंका काढल्या. काट्याचा खर्च कोण करणार? काटा ठेवायचा कुणाच्या घरी? पोरांनी झोका खेळून तोडला तर? शेवटी ताई म्हणाली, "गटाच्या पैशातून घेऊ. ज्याचं बोकड तोललं त्याला पाच रुपये लावू. काटा त्याचे पैसे तोच फेडंल." सगळ्यांना पटलं. आमच्या गटाने कर्जवाटप सोडून पहिल्यांदाच काहीतरी विकत घ्यायचं ठरवलं होतं. बायका लग्नाचा बस्ता काढायला निघाल्यासारख्या बोलायला लागल्या. निळा घ्या, मोठा घ्या, आकडे लांबून दिसतील असा घ्या.

मी आणि ताई जालन्याला गेलो. माझे मालक ड्यूटी संपवून तसेच आले, अंगावर कारखान्याची धूळ. तिघं मिळून मस्तगड भागातल्या गर्दीतून काट्याचं दुकान शोधलं. दुकानदाराने विचारलं, "भंगाराचा धंदा टाकताय का?"

"न्हाई," ताई म्हणाली, "बोकडं तोलायचीत."

दुकानदाराने काउंटरवरचा पोरगा बोलावला, आतल्या माणसाला बोलावलं आणि त्यांनाही सांगितलं, "ह्या ताई बोकडं तोलणार." पण माणूस भला होता. त्याने छताच्या हुकाला काटा अडकवला, त्याला खिळ्यांचं पोतं लावलं, जनावर हललं तरी आकडा धरून ठेवणारं बटण दाखवलं. मालक म्हणाले, "आमच्याकडं तर भंगाराची गाडी बी काट्यावरून गेल्याबिगर गेटच्या आत येत न्हाई. आन जाताना सळई बी तशीच."

ताईने मला कोपराने ढोसलं. "बघ. मोडक्या पत्र्याचं वजन व्हतंय. आन आपल्या जित्त्या जनावराचं न्हाई."

पाच किलोचं माप आम्ही वेगळं घेतलं. एसटीत काटा ताईच्या मांडीवर होता आणि माप माझ्या. उतरेपर्यंत माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मी ते खाली ठेवलं नाही.

पहिलं तोलणं आमच्याच अंगणात झालं. गोठ्याच्या आढ्याला काटा टांगला. आत्याबाईंनी जुन्या गोधडीची झोळी शिवून ठेवली होती, चारी बाजूंना पदर शिवून मजबूत केलेली. कुणी बोलावलं नव्हतं तरी अर्धी गल्ली जमली. आधी माप लावलं. पाच. बायकांनी "बराबर!" म्हणून गलका केला. मग आत्याबाईंनी त्यांचं लाडकं बोकड आणलं, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं, खांद्याने भरलेलं. त्याला झोळीत घालणं म्हणजे कुस्ती होती. मी पुढचे पाय धरले, ताईने मागचे, आणि त्याने ताईच्या तोंडावरच शेपूट हलवली. वर उचललं तसं ते एकदम शांत झालं आणि हवेत लोंबकळत आमच्याकडे असं बघायला लागलं की हसून हसून माझे हात सुटायची वेळ आली.

मामा लांब ओट्यावर बसले होते. कुणीतरी ओरडलं, "मामा, तुमी सांगा आधी! मंग काटा बघू!"

मामांना हेच हवं होतं. ते सावकाश उठले, आले, बोकडाच्या पाठीवरून, कमरेवरून हात फिरवला. म्हणाले, "चौतीस."

मी बटण दाबलं. चौतीस आणि वर थोडंसं.

अंगणात काय आरडाओरडा झाला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. "सांगितलं नव्हतं? काटा फुकट आनला तुमी."

मी म्हणाले, "मामा, वजन बराबर हाय. आता भाव लावू." त्या आठवड्यात बाजारात जिवंत जनावराचा किलोचा काय भाव चाललाय, ते मी मालकांकरवी जालन्याहून विचारून ठेवलं होतं. मोबाईलवर गुणाकार केला आणि मामांच्या पुढे धरला. मामांनी चष्मा लावला. आकडा वाचला. पुन्हा वाचला.

याच बोकडाचा जोडीदार, तेवढाच भरलेला, त्यांनी मागच्या महिन्यात शेठना दिला होता. त्याचे या आकड्याहून किती कमी आले ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अंगणातला आवाज कमी कमी होत गेला. मामा चष्मा काढून म्हणाले, "वजन मला कळत व्हतं. भाव इचारायचं कळलं न्हाई."

मला वाईट वाटलं. पण आत्याबाईंना नाही वाटलं. त्या झोळीची गाठ सोडत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "आता कळलं ना? मंग झालं. दुसरं आना." आणि सगळं अंगण पुन्हा गजबजलं. त्या दिवशी शेळ्या झाल्या, पाठी म्हणजे तरण्या माद्या झाल्या, करडं झाली, मग पोरं झोळीत बसली. शेवटी बायकांनी आत्याबाईंनाच झोळीत बसवायचा घाट घातला. त्या "मेल्यांनो, सोडा" म्हणत पळाल्या, पण हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर शेठ आले. नेहमीसारखे ओट्यावर बसले, चहा घेतला, ठिपक्यांच्या बोकडाकडे, आमच्या ठिपक्याकडे, नजर टाकली आणि हात पुढे केला. मी दाराच्या चौकटीत उभी होते. मामांचा हात सवयीने दस्तीकडे गेला. त्यांनी ती खांद्यावरून काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवून दिली.

"तोंडानं बोला शेठ," मामा म्हणाले. "किलोचा भाव बोला. काटा हाय आपल्याकडं."

"काटा?" शेठ हसले. "आता म्हातारपणी दुकान टाकू राह्यले का?"

"सुनंनं आनलाय."

"असं कुठं असतंय का? जनावराच्या पोटात पानी असतंय, चारा असतोय. मी काय त्याचे बी पैसे देऊ?"

तेवढ्यात आतून आवाज आला. आत्याबाई चुलीपासून उठून दारात आल्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. "चारापानी द्यायच्या आधी, सकाळी उपाशी तोलू. तुमी सकाळी या."

शेठनी आधी त्यांच्याकडे आणि मग मामांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या घरातली बाई सौद्यात पहिल्यांदाच बोलली होती. त्यांनी कप खाली ठेवला. "मंग ठेवा बांधून. बघू कोन घेतंय."

ते गेले ते गेलेच. आणि त्यांनी बाजारात सांगितलंही असणार, कारण दुसरेही कुणी फिरकले नाहीत. पहिले काही दिवस आम्ही जोशात होतो. मग गटातल्या बायकांचे नवरे कुरकुरायला लागले. एकाने तर ताईच्या दारात येऊन सुनावलं, "काट्यानं बाजार बसवला तुमी गावाचा."

त्यातच ताईच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. आनंदाचीच बातमी, पण प्रवेशाचे पैसे लगेच भरायचे होते. ताई माझ्याकडे आली ती थेट गोठ्यातच. म्हणाली, "मी दोन बोकडं शेठला देऊन टाकते. जसे मागंल तसे. मला इलाज न्हाई."

तिची बोकडं अजून कोवळी होती. ईदेपर्यंत थांबली तर भरणार होती. मी म्हणाले, "ताई, गट कशासाठी हाय मंग?"

"गटाच्या अध्यक्षानंच कर्ज मागायचं?"

"अध्यक्षाच्या पोरीला शिकायचं नसतं का?"

त्याच दिवशी बायका जमवल्या. कुणी कुरकुर करेल असं मला वाटलं होतं. पण सगळ्यांच्या आधी आत्याबाई बोलल्या, ज्या बैठकीत कधी तोंड उघडायच्या नाहीत. "आज तिची बोकडं स्वस्तात गेली, तर उद्या शेठ आपल्याला बी त्योच भाव दाखवंल." कर्ज मंजूर झालं. मुलीचा प्रवेश झाला, बोकडं दारातच राहिली. मॅडमचा 'बोकड विकता कधी?' हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने तेव्हा उमगला. वेळेला हाताशी थोडे पैसे असले, की कधी विकायचं ते आपण ठरवतो. नसले, की समोरचा ठरवतो.

बकरी ईद जवळ आली तसं आम्ही ठरवलं, शेठची वाट बघायची नाही. जनावरं घेऊन सरळ जालन्याच्या बाजारात जायचं. सहा-सात घरांची बोकडं, एक भाड्याचा पिकअप, पुढे मामा आणि मागे एका जीपमध्ये आम्ही बायका. पहाटे निघालो. आत्याबाईंनी ठिपक्याला आदल्या दिवशी धुऊन, शिंगांना तेल लावून चमकवलं होतं. बायका वाटेत अशा बडबडत होत्या की ड्रायव्हर म्हणाला, "वऱ्हाड घेऊन चाललोय का बोकडं?"

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे जनावरं, दोऱ्या, हाका, धूळ आणि फडक्याखाली गेलेले हात. आमचं अवसान जरा गळालंच. मालक सुट्टी काढून आले होते. त्यांनी पिकअपच्या वरच्या आडव्या पाइपला काटा टांगला. आधी नुसती बघ्यांची गर्दी झाली. मग पांढऱ्या दाढीचे एक चाचा आणि त्यांची तरुण सून गर्दीतून पुढे आले. चाचांनी ठिपक्याचे दात बघितले, कान बघितले, चारी पाय उचलून बघितले. मग काट्याकडे बोट दाखवून आत्याबाईंना विचारलं, "अम्मा, तोल के देते क्या?"

"हौ," आत्याबाई म्हणाल्या. "तोलून देतो. आधी माप बघून घ्या."

आत्याबाईंनी स्वतः पाच किलोचं माप उचलून लावलं. चाचांनी वाकून आकडा बघितला. "बराबर है." मग ठिपक्या झोळीत चढला. ईदेपर्यंत तो आणखी भरला होता. आत्याबाईंनी किलोचा भाव सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोठ्याने. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

चाचा म्हणाले, "थोडा कम करो अम्मा."

"किलोत कमी न्हाई. पन दोरी तुमची, आन ह्यो पाला बी तुमचा. दोन दिवस खाईल."

चाचा हसले. त्यांची सून त्यांना म्हणाली, "अब्बा, लेलो. पिछले साल देखने में बडा था, घर जाके कुछ निकला नहीं." मला तेव्हा कळलं की नजरेच्या बाजारात नुसते आम्हीच फसत नव्हतो. घेणाऱ्यालाही धाकधूक असतेच. काटा त्यांनाही हवाच होता.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी क्यूआर पुढे केला. तो आत्याबाईंच्या खात्याचा होता. सरकारी योजनेसाठी उघडलेलं ते खातं, त्यात तोवर त्यांच्या स्वतःच्या कमाईचा एक रुपया गेला नव्हता. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये त्यांचं सिम घालून, परतूरला जाऊन मी सगळं सुरू करून घेतलं होतं. चाचांच्या सुनेने स्कॅन केलं आणि आत्याबाईंच्या हातातला मोबाईल खणखणीत आवाजात बोलला, इतके इतके रुपये मिळाले म्हणून. आत्याबाई दचकल्या आणि मोबाईलला म्हणाल्या, "हां हां, मिळाले!"

सगळा घोळका हसला. चाचा पण. मामा सगळ्यात जास्त. आणि मग जी रांग लागली! माणसं "तोल के देनेवाले कहाँ हैं" असं विचारत यायला लागली. ताईची दोन्ही बोकडं गेली. दुपार व्हायच्या आत पिकअप रिकामा झाला. परतताना ताईने सगळ्यांना रसवंतीवर उसाचा रस पाजला आणि गटाच्या कर्जाचे पैसे तिथल्या बाकड्यावरच माझ्या हातात दिले. घरी नेऊन देण्याइतकाही धीर तिला नव्हता.

पावसाळ्यात शेठ पुन्हा आले. या वेळी त्यांच्या मोटारसायकलला नवाकोरा टांगता काटा अडकवलेला. "चला, तुमच्या मनासारखं करू," म्हणाले. मामांनी आतून पाच किलोचं माप आणलं आणि शेठच्या काट्याला लावलं. काटा पाचाच्या बराच आत थांबला.

"नवीन हाय," शेठ म्हणाले. "अजून बसला न्हाई."

"मंग आमच्याच काट्यावर होऊन जाऊ द्या," मामा म्हणाले. आणि झालं. भांडण नाही, तंडण नाही. शेठ अजूनही येतात, चहा घेतात, भाव तोंडाने बोलतात. पण आता त्यांच्याशी बोलायला आत्याबाई बसतात.

सगळं साखरेसारखं गोड झालं असं नाही. त्याच पावसाळ्यात आमची काही करडं आजाराने गेली आणि आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पण दर महिन्याला करडं तोलायची सवय लागली होती, त्यामुळे राहिलेल्यांची वाढ खुंटलीय हे आम्हाला डोळ्यांना दिसायच्या आधी कळलं. जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणलं, लशी टोचून घेतल्या. आधी आम्ही औषधाला पैसे घालायचे म्हटलं की हात आखडता घ्यायचो. आता आत्याबाईच म्हणतात, "शंभराचं औषध अन् किलोभर वाढ, कोन न्हाई म्हनंल?"

यंदा दिवाळीनंतर घरात मोठा वाद झाला. हाताशी पैसे होते. मामांना आणखी दोन शेळ्या घ्यायच्या होत्या. आत्याबाईंना कडबा बारीक करायचं कुट्टी मशीन हवं होतं, कारण शेळ्या नुसता पाला खायच्या आणि अर्धं धाट पायाखाली तुडवायच्या. दोघं आठवडाभर भांडत होती, जेवताना, शेतात, झोपताना सुद्धा. "दोन शेळ्या म्हंजी चार करडं," मामा म्हणायचे. "चार करडाला चारा तुमी आनता का?" आत्याबाई विचारायच्या. मुलगी अभ्यास सोडून ऐकत बसायची. मी मध्ये पडले नाही. मला फार मजा येत होती. पैशावरून भांडणारी माणसं मी खूप पाहिली होती, पण पैसे कुठे लावले तर वाढतील यावरून आमच्या घरात तोवर कुणी भांडलं नव्हतं.

शेवटी तिघं जालन्याला मशीन बघायला गेलो, नुसतं बघायला असं ठरवून. दुकानदार म्हणाला, "हप्त्यानं घेऊन जा मावशी. बिनव्याजी. आज काही भरू नका."

आत्याबाईंनी विचारलं, "हप्त्यानं एकूण किती व्हतात?"

त्याने आकडा सांगितला.

"आन रोख दिले तर?"

तो म्हणाला, "रोख असंल तर कमी करू थोडं."

"किती कमी?"

त्याने सांगितलं.

"मंग तेवढं व्याजच झालं की," आत्याबाई म्हणाल्या. "त्याला बिनव्याजी कशाला म्हनता?"

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्या कुठं शिकल्या?" मामांनी उत्तर दिलं, "शेळ्यामागं." आणि खिशात सांभाळलेला बायकोचा मोबाईल काढून त्यांनी तिच्या हातात दिला, पैसे पाठवायला. शेळ्यांचा हट्ट त्यांनी तिथेच, काही न सांगता, सोडून दिला होता.

मशीन पिकअपमधून घरी आलं त्या दिवशी वीज दुपारी गेलेली. आम्ही सगळे त्याच्याभोवती नुसते बसून राहिलो. संध्याकाळी दिवे लागले तसं मामांनी बटण दाबलं आणि असा घरघराट झाला की शेळ्या दावी तोडायला निघाल्या. पण कुट्टी पुढे पडल्यावर त्यांनी टोपल्यांचे तळ चाटून साफ केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन दारात उभी राहिली. "मावशी, आमची बी काढून देता का?"

"देते की," आत्याबाई म्हणाल्या आणि पेंढीमागचा भाव सांगून मोकळ्या झाल्या. गटातल्या बाईला एक, बाहेरच्याला थोडा जास्त. तो त्यांनी जालन्याहून येताना पिकअपमध्येच ठरवला होता.